खाणारा कीटक व वाहणारा कीटक

गेल्या नाताळच्या सुटीनंतर आमच्या वर्गांतील एक विद्यार्थी संत्र्याची एक डहाळी वर्तमानपत्रांत गुंडाळून घेऊन आला. त्याच्या वडिलांची काटोलकडे बाग आहे. डहाळीवरचीं पानें जागजागीं पिवळीं पडलीं होतीं. फळ लिंबाएवढेंच राहिलेलें, एका अंगास कललेलें, देठाकडे रंग धरलेलें पण तळाशीं हिरवेंच होतें. जस्त दिलें, लोह दिलें, शेणखत घातलें, तरी झाड सुधारेना, असें त्यानें सांगितलें. ह्या सर्वांस कारण म्हणून जो किडा दाखविण्यांत आला होता, तोही त्यानें काड्यापेटींत घालून आणला होता. जोंधळ्याच्या दाण्याएवढाही तो भरला नसता. सर्व वर्गानें आळीपाळीनें तो पाहिला आणि मग त्या मुलानेंच विचारलें, "सर, एवढासा किडा झाडाचें असें किती खाणार? असे हजार बसले तरी एवढें मोठें झाड मरूं नये."

प्रश्न अगदीं वाजवी होता. त्याचें उत्तर त्या तासांत पुरें झालें नाहीं, म्हणून तें येथें सविस्तर देण्याचें आम्ही योजिलें आहे.

कीटक म्हटला कीं तो खाणारा, अशी आपली पिढ्यान् पिढ्यांची समजूत आहे. पवित्र शास्त्रांतील निर्गमाच्या पुस्तकांत मिसर देशावर आलेल्या टोळांची हकीकत आहे, तींतील टोळ खाणारेच आहेत. आणि आपल्या शेतांतील लष्करी अळी, कपाशीवरची बोंडअळी, ह्यांचाही धंदा तोच. अशा कीटकाचा हिशेब सरळ असतो. जितकें तो खाईल तितकें आपलें बुडालें. परंतु दुसऱ्या एका जातीच्या कीटकाचा हिशेब असा मांडतां येत नाहीं. तो झाडाचा थेंबभर रस पितो आणि उडून जातो. त्या थेंबाचें मोल कांहींच नाहीं. पण जातांना तो तेथें जें ठेवून जातो, त्यानें झाड मरतें. हा वाहणारा कीटक होय. टपालवाल्याच्या पिशवींत आनंदाचें पत्र आहे कीं मृत्यूचें, हें त्यास ठाऊक नसतें. ह्या कीटकाचेंही तसेंच आहे.

वनस्पतींना रोग करणाऱ्या सूक्ष्म जंतूंना असा वाहक कां लागावा, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. बुरशीचें बीज पानावर पडलें तर पुष्कळदां तें स्वतःच तंतु काढून पानाची त्वचा भेदतें. जंतूंना, म्हणजे ज्यांस बॅक्टेरिया म्हणतात त्यांना, ही कला साधलेली नाहीं. त्यांना आयतें दार हवें असतें. एखादी जखम, पानावरील श्वासरंध्र, किंवा फुलांतील मकरंदाची जागा, अशा वाटेनेंच ते आंत जातात. शिवाय एका झाडावरून दुसऱ्यावर जाण्यास त्यांना पाय नाहींत, पंख नाहींत. पाऊस व वारा त्यांना थोडेंफार नेतात. पण पाऊस कोठें पडेल ह्याचा नेम नसतो. कीटक मात्र नेमका एका संत्र्यावरून दुसऱ्या संत्र्यावरच जातो, आणि तेथें पोंचल्यावर दारही तोच उघडतो.

ही गोष्ट सिद्ध करून दाखविण्याचा पहिला मान नासपतीच्या झाडाकडे जातो. अमेरिकेंत नासपती व सफरचंद ह्यांवर एक भयंकर रोग पडतो. फुलोरा काळा पडतो, कोवळे शेंडे आंकड्यासारखे वांकतात, आणि फांद्या आगीनें होरपळल्यासारख्या दिसतात, म्हणून त्यास फायर ब्लाइट, म्हणजे आगीचा करपा, असें नांव पडलें. कोणी म्हणे वीज पडली, कोणी म्हणे रस थिजला. इलिनॉय येथील प्राध्यापक टॉमस बरिल यांनीं १८८० च्या सुमारास हा रोग जंतूंचा आहे असें दाखविलें. जंतूंनीं माणसास व जनावरांस रोग होतात हें त्या वेळीं नुकतेंच मान्य होऊं लागलें होतें. झाडासही होतात, हें ऐकून पुष्कळ विद्वानांनीं माना हलविल्या.

पण रोगजंतु एका झाडाच्या फुलांतून शेजारच्या झाडाच्या फुलांत जातात कसे? हा प्रश्न मर्टन वेट नांवाच्या एका तरुण सरकारी शास्त्रज्ञानें हातीं घेतला. त्यांची रीत इतकी साधी होती कीं आमच्या शाळेच्या बागेंतही ती करतां येईल. कांहीं फुलोरे त्यांनीं जाळीच्या कापडानें झांकले, कांहीं उघडे ठेविले. उघड्या फुलांवर मधमाश्या येत-जात राहिल्या आणि तीं फुलें करपलीं. झांकलेलीं फुलें निरोगी राहिलीं. १८९१ सालीं वेट यांनीं हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. सिकंदराबादेस डॉ. रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटांत हिवतापाचे जंतु दिसले ते १८९७ सालीं. म्हणजे डासापूर्वी सहा वर्षें मधमाशी आरोपीच्या पिंजऱ्यांत उभी राहिली होती.

मधमाशीच्या वाहण्याची तऱ्हा अशी आहे. हिवाळाभर जंतु फांदीवरील जुन्या व्रणांच्या कडेस दडून असतात. वसंतांत झाडांत रस चढूं लागला म्हणजे त्या व्रणांतून मधाच्या रंगाचा चिकट स्राव पाझरतो. त्यांत जंतु खच्चून भरलेले असतात. माश्या, मुंग्या वगैरे त्यावर जमतात आणि त्यांचे पाय बरबटतात. त्यांपैकीं कांहीं नुकत्याच उमललेल्या फुलांवर जातात. एकदां फुलांत जंतु शिरले कीं पुढचें काम मधमाशी करते. फुलांतील स्त्रीकेसराच्या टोकावर, म्हणजे जेथें पराग चिकटतो त्याच ओलसर जागीं, ते जंतु झपाट्यानें वाढतात. पराग नेतां-आणतां मधमाशी त्यांनाही नेते-आणते. दंव किंवा पावसाची सर आली कीं ते तेथून धुवून मकरंदाच्या जागीं उतरतात आणि तेथून झाडांत शिरतात. मधमाशीच्या शरीराशीं ह्या जंतूंचें कांहींच नातें जडत नाहीं. अंगावर व तोंडावर लागलेली ती नुसती धूळ आहे.

आतां बागवाल्यानें काय करावें? मधमाश्यांच्या पेट्या उचलून न्याव्यात, कीं मधमाश्या मारूनच टाकाव्यात? ज्याची बाग डोळ्यांसमोर जळते आहे त्याच्या मनांत असा विचार आला तर त्यास दोष देतां येणार नाहीं. परंतु याच वेट यांनीं त्याच काळांत दुसरा एक शोध लावला. नासपतीच्या बऱ्याच जातींच्या फुलांना आपल्याच जातीचा पराग चालत नाहीं. दुसऱ्या जातीच्या झाडावरून तो यावा लागतो, आणि तो आणणारी मधमाशीच. झांकलेलें फूल करप्यापासून वांचतें, पण त्यास फळही धरत नाहीं! जिनें रोग आणला तिच्यावांचून पीकही नाहीं. एकाच माणसाच्या हातून हे दोन्ही शोध लागावेत आणि त्यानें दोन्ही सारख्याच स्पष्टपणें लोकांपुढें मांडावेत, ह्याचें आम्हांस फार कौतुक वाटतें. आपल्याच पहिल्या शोधास अडचणीचा वाटणारा दुसरा शोध झांकून ठेवण्याचा मोह शास्त्रज्ञांनाही होतो.

वेट यांचा सल्ला असा होता कीं मधमाशीच्या मागें लागूं नका. हिवाळ्यांत बागेंतील एकेक झाड तपासून जुने व्रण निरोगी भागापर्यंत कापून काढा. वाहक जेथून माल उचलतो तें कोठारच रिकामें करा, मग त्याची ये-जा चालेना का! पुढें शंभर वर्षांनीं ह्या गोष्टीस एक गंमतीचें वळण लागलें. करप्याच्या जंतूची जागा अडवून त्यास वाढूं न देणारे दुसरे निरुपद्रवी जंतु सांपडले होते. ते फुलांत पोंचवावेत कसे? १९९२ सालीं अमेरिकन शास्त्रज्ञांनीं मधमाशांनाच पोळ्याच्या दारांतून बाहेर पडतांना त्यांची पूड फांसून पाठविलें, आणि त्यांनीं ती फुलाफुलांत नेऊन पोंचविली.

मधमाशीचें ओझें अंगावर होतें. काकडीवरील पट्टेरी भुंगेऱ्याचें तें पोटांत असतें. हा भुंगेरा अमेरिकेच्या पूर्व व मध्य भागांत आढळतो. आपल्याकडील वेलवर्गीय भाज्यांवर पडणारा तांबडा भुंगेरा तो हा नव्हे, त्याचा एक नातलग म्हणावा. तो रोगट वेलाचें पान कुरतडतो व जंतु गिळतो. ते आंतड्यांत जिवंत राहतात आणि विष्ठेवाटे बाहेर पडतात. निरोगी पानावर त्यानें ताज्या केलेल्या जखमेंत ती विष्ठा पडली, आणि जखम ओली असली, म्हणजे जंतु वेलाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत शिरतात. नळ्या तुंबतात व भर पाण्यांत उभा असलेला वेल कोमेजतो. ह्या रोगाची परीक्षा शेतांतच करतां येते. कोमेजलेला देठ कापून दोन्ही तुकडे क्षणभर एकमेकांस चिकटवावेत व हळूच दूर करावेत. मध्यें कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु ताणले गेले तर रोग तोच. हा जंतु जमिनींत तग धरीत नाहीं, भुंगेरा हाच त्याचा मुख्य आधार. म्हणून येथें मधमाशीसारखा पेंच पडत नाहीं. रोपें लहान असतांना भुंगेरा दूर ठेवला म्हणजे बरेंचसें काम झालें.

ह्यापेक्षां चमत्कारिक प्रकार घशांत घर करणाऱ्या जंतूचा आहे. झायलेला असें त्याचें नांव. कॅलिफोर्नियांत अनाहाइम गांवाभोंवतीं द्राक्षांचे मळे होते. १८८० नंतरच्या थोड्याच वर्षांत ते ओसाड पडले. न्यूटन पिअर्स ह्यांनीं १८९२ सालीं त्या रोगाचा वृत्तांत लिहिला आणि पुढें रोगास त्यांचेंच नांव मिळालें, पण कारण त्यांना सांपडलें नाहीं. पुष्कळ वर्षें हा रोग विषाणूचा समजला जात होता. १९७३ सालीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकांत जंतु दिसले, आणि १९७८ सालीं ते प्रयोगशाळेंत वाढवितां आले. मुळांनीं शोषलेलें पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत हे राहतात, आणि त्या नळ्यांतून रस ओढणारे तुडतुडे व फेसकिडे त्यांना वाहतात.

ह्या पाण्यांत अन्नांश इतका अल्प असतो कीं पोट भरण्यासाठीं किड्यास तें सारखें पंपासारखें ओढीत राहावें लागतें. ह्या वाहत्या प्रवाहांत जंतु पोटांत वाहून जावयाचे. पण ते घशाच्या आंतील अस्तरास घट्ट चिकटतात, तेथें थर करून वाढतात, आणि पुढच्या झाडास सोंड लावतांना त्यांतले कांहीं सुटून आंत जातात. म्हणून ह्या किड्यास रोग घेतल्यावर थांबावें लागत नाहीं. आज घेतला कीं आजच देतां येतो. किड्याचें पिलूं वाढतांना कात टाकतें तें आपणांस ठाऊक आहे. त्या कातेबरोबर घशाचें अस्तरही निघून जातें आणि त्यास चिकटलेले जंतूही! काल रोग वाहणारें पिलूं आज कात टाकून निर्मळ होतें. पूर्ण वाढलेला किडा मात्र पुन्हां कात टाकीत नाहीं, म्हणून तो मरेपर्यंत वाहक राहतो. वर्गांत हें सांगितलें तेव्हां मागच्या बांकावरूनही प्रश्न आले, जें फार वेळां घडत नाहीं.

ह्याच जंतूनें इटलीच्या दक्षिण टोंकास, पुल्या प्रांतांत, जैतुनाच्या झाडांचा संहार केला. २०१३ सालीं गाल्लिपोली गांवाजवळ तो प्रथम ओळखला गेला. शेंकडों वर्षांचीं, पिढ्यांनीं सांभाळलेलीं जैतुनें, अशीं लाखों झाडें वाळलीं. तेथील वाहक फेसकिडा आहे. त्याचीं पिलें वसंतांत बांधावरच्या गवतावर थुंकीसारख्या फेसांत बसलेलीं असतात. उडणाऱ्या किड्याच्या मागें धांवण्यापेक्षां त्या वेळीं गवत कापून जमीन नांगरली तर पिलें तेथेंच मरतात, म्हणून तो उपाय तेथें कायद्यानें लावण्यांत आला.

आतां आमच्या विद्यार्थ्याच्या काड्यापेटीकडे वळूं. तिच्यांतील किड्यास सिट्रस सायला म्हणतात. पानावर बसतांना तो डोकें खालीं व मागचा भाग तिरपा वर उचलून बसतो, ह्यावरून लहान मुलालाही ओळखतां येतो. तो रस घेतो तो पाण्याच्या नळ्यांतून नव्हे. पानांत तयार झालेला गोड रस मुळांकडे व फळांकडे नेणाऱ्या सालींतील नळ्यांतून. रोगजंतु तेथेंच राहतो. त्याचें शास्त्रीय नांव लिबेरिबॅक्टर. लॅटिनमध्यें अंतर्सालीस लिबेर म्हणतात, आणि पुस्तकासही तोच शब्द आहे. आपल्या भूर्जपत्राची आठवण देणारा हा योगायोग आम्हांस भाषेचे शिक्षक म्हणूनही आवडला. हा जंतु अद्याप शुद्ध स्वरूपांत वाढवून टिकवितां आलेला नाहीं, एवढा तो झाडावर व किड्यावर अवलंबून आहे.

येथें जंतूचा प्रवास सर्वांत लांबचा आहे. तो सायलाच्या घशांत थांबत नाहीं, विष्ठेंतून पडून जात नाहीं. आंतड्याची भिंत ओलांडून तो किड्याच्या रक्तांत उतरतो, तेथें वाढतो, लाळेच्या ग्रंथींत शिरतो, आणि लाळेबरोबर नव्या झाडाच्या नळींत सोडला जातो. ह्यास कांहीं दिवस लागतात. कात टाकून येथें सुटका नाहीं, कारण रक्त कातेबरोबर जात नाहीं. उलट, लहानपणीं रोगट पानावर वाढलेलें पिलूं मोठेपणीं सर्वांत वाईट वाहक ठरतें. मादी अंडीं घालते तीं केवळ कोवळ्या फुटीवर, जिला आपले बागवाले नवती म्हणतात. आणि तीं पिलें त्याच नवतीचा रस पिऊन वाढतात. झाडास रोग असेल तर पिलांना पहिल्या घासापासून तोच मिळतो. नंतर पंख फुटले कीं तीं दुसऱ्या झाडाच्या नवतीकडे जातात.

हा वाहक सायला आहे असें भारतांत सिद्ध केलें तें पुण्याच्या संशोधन केंद्रांतील कपूर, राव व विश्वनाथ ह्यांनीं, १९६७ सालीं. रोगजंतु प्रत्यक्ष दिसले ते त्यानंतर, १९७० मध्यें, फ्रान्समध्यें. त्याच्याही चाळीस वर्षें आधीं, १९२७ सालीं, पंजाबांतील हुसेन व नाथ ह्यांनीं सायलावर मोठा ग्रंथ लिहिला होता आणि त्याच्या उपद्रवानें बागा मरतात असें नमूद केलें होतें. किडा त्यांनीं बरोबर धरला होता. त्याच्या पिशवींतील पत्र मात्र त्या काळच्या साधनांनीं वाचतां येण्याजोगें नव्हतें.

ह्यांत खरी फसवणूक आहे ती वेळेची. जंतु शिरल्यापासून झाडावर लक्षणें दिसेपर्यंत कित्येक महिने, कधीं वर्षेंही जातात. तोंवर झाड हिरवेंगार दिसतें, मालक त्याचें कौतुक करतो, आणि सायला त्यावरून रोग उचलून नेत असतो. फ्लोरिडा प्रांतांत सायला १९९८ सालीं आढळला व रोग २००५ सालीं. तेथें २००३-०४ च्या हंगामांत संत्र्यांच्या २४ कोटींहून अधिक पेट्या निघाल्या होत्या. २०२२-२३ मध्यें दोन कोटीही निघाल्या नाहींत. त्यांत चक्रीवादळांचा हात आहे, पण मुख्य घाव ह्या रोगाचा. आणि सर्व दोष किड्यावर टाकून माणसास सुटतां येणार नाहीं. रोगट झाडाचा डोळा काढून जंबेरीच्या खुंटावर बांधला, तर त्या कलमाबरोबर रोगही विकला जातो. एका बागेंतून दुसरींत सायला उडून जाईल. एका जिल्ह्यांतून दुसऱ्यांत रोग जातो तो मालमोटारींत भरलेल्या कलमांबरोबर. म्हणून नागपुरास १९८५ पासून असलेली लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था तपासलेल्या मातृवृक्षांचीं, जाळीघरांत वाढविलेलीं कलमें घेण्यावर इतका भर देते.

पिवळें पान दिसलें कीं हाच रोग, असेंही समजूं नये. जस्त कमी पडलें तरी पान पिवळें होतें. डिंक्यानें मूळ कुजलें तरी होतें. पान मधल्या शिरेवर दुमडून पाहावें. जस्ताच्या कमतरतेंत दोन्ही बाजूंचे पिवळे डाग बहुधा एकमेकांवर जुळतात. ह्या रोगांत ते जुळत नाहींत. निश्चित निदान प्रयोगशाळेंतच होतें. त्या डहाळीचीं पानें आम्हीं वर्गांत दुमडून पाहिलीं. जुळलीं नाहींत.

मधमाशीच्या बाबतींत कोठार रिकामें करणें पुरें होतें. सायलाच्या बाबतींत तें निम्मेंच काम आहे, कारण किडाच येथें चालतें-उडतें कोठार बनतो. म्हणून रोगट झाड काढावें लागतें, पण काढण्यापूर्वीं त्यावरील सायला मारावा लागतो, नाहीं तर उपाशी किडे शेजारच्या झाडांवर जाऊन बसतात. आणि फवारणी करावयाची ती नवती फुटतांना. आंबे बहार असो, मृग असो, तेव्हांच अंडीं व पिलें एका ठिकाणीं सांपडतात. एरवींची फवारणी म्हणजे पैसे व मधमाश्या दोन्ही घालविणें होय.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं मुलांना वसतिगृहाच्या स्वयंपाकघरामागें नेलें. तेथें कढीलिंबाचें झाड आहे. आमच्याकडे त्यास गोडलिंब म्हणतात. तेंही संत्र्याच्याच कुळांतलें, आणि सायलास फार आवडतें. न उलगडलेल्या पानांच्या घडींत भिंगाखालीं बदामाच्या आकाराचीं पिवळीं अंडीं दिसलीं. खालच्या शेंड्यावर पिलें होतीं. ह्या झाडावर वाढलेला किडा सहसा निर्मळ असतो, कारण गोडलिंबांत तो रोग राहतो असें आढळलेलें नाहीं. परंतु बागेलगत असें झाड म्हणजे वाहकांची पैदास-शाळा. स्वयंपाकीण मावशी दारांत उभ्या होत्या. झाडास हात लावाल तर उद्यां भाजीस फोडणी मिळणार नाहीं, असें त्यांनीं बजावलें. वसतिगृहापासून संत्र्याची बाग दूर असल्यानें आम्हीं तें झाड तसेंच ठेविलें.

"तुमच्या बागेजवळ गोडलिंब आहे का रे?" आम्हीं त्या मुलास विचारलें.

"विहिरीवर आहे, सर. आजीनें लावलेला."

फेब्रुवारींत त्याचे वडील शाळेंत भेटीस आले होते. रोगट ठरलेलीं अकरा झाडें त्यांनीं आधीं फवारून मग तोडलीं होतीं आणि नवीं कलमें जाळीघरांतून मागविलीं होतीं. गोडलिंब मात्र आजीनें तोडूं दिला नाहीं. तिनें दुसरी वाट काढली. झाडास कोवळा शेंडा फुटला कीं दर तिसऱ्या-चौथ्या दिवशीं ती तो स्वतः खुडून चुलींत टाकते, आणि फोडणीला फक्त निबर पानें घेते.